आखूड धागा

बाबा, सरकीचा पाय तुमच्या कापसानं मोडला नव्हता.

एवढं एकच वाक्य आहे. ते फोनवर सांगता आलं असतं. अकोल्याला तुमच्या खाटेवर बसून, बशीत चहा ओतता ओतता सांगता आलं असतं. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ते वाक्य मी तोंडात धरून फिरलो, आणि आता तुम्ही नाही तेव्हा कागदावर उतरवतो आहे. याचा तुम्हाला काही उपयोग नाही हे मला कळतं. मलाही होईल असं वाटत नाही. तरी लिहितो, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नाही.

तुमच्या नातीनं, मैत्रीनं, हॅमस्टर हवा म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं, आठवतं ना? तुम्ही फोनवर विचारलं होतं, "म्हणजे उंदीरच ना? घरात आलेल्याले हाकलता अन् बाहेरून इकत आणता?" पण मैत्रीनं त्याबद्दल इतकं वाचलं होतं, इतके व्हिडिओ पाहिले होते, की दुकानात तिनं दुकानदारालाच शिकवायला सुरुवात केली. पिंजऱ्यासोबत एक तारेचं चाक बसवलेलं होतं, चकचकीत, तळहाताएवढं. तिनं ते बोटानं फिरवलं आणि म्हणाली, "पप्पा, याला फटी आहेत. पाय अडकतो. आपल्याला बिनफटीचं, सपाट चाक पाहिजे. आणि मोठं, ताटाएवढं, नाहीतर धावताना तिची पाठ वाकते."

मी म्हणालो, "उंदीर आहे तो. सायकल शर्यतीला नाही पाठवायचा."

दुकानदार हसला. तुमची सून, संगीता, हसली. मीही माझ्याच विनोदावर हसलो. सपाट चाक मागवावं लागेल, चार दिवस लागतील, असं दुकानदार म्हणत होता, आणि मला घरी जायची घाई होती. कशाची घाई होती ते आज आठवत नाही. मी विज्ञानाचा शिक्षक आहे बाबा. घर्षण आणि वर्तुळाकार गती मी मुलांना शिकवतो. त्या चाकाकडे मी नीट एकदा पाहिलं असतं तरी पुरलं असतं.

मग तुम्ही अमरावतीला आलात. दारात चपला काढायच्या आधीच विचारलंत, "कुठं हाय थो पाहुना?" पिंजऱ्याजवळ उकिडवे बसलात, चष्मा वर केलात. मैत्रीनं तिचं नाव कुकी ठेवलं होतं. तुम्ही बराच वेळ पाहत राहिलात आणि म्हणालात, "कुकी-बिकी काई नाई. हे तं सरकी हाय. जिनिंगच्या रेच्यातून निघालेली, अंगावर थोडी रुई चिकटून राहिलेली." खरंच तशीच दिसत होती ती, राखाडी, लहानशी, अंगावर पांढुरकी लव. मैत्री आधी रुसली, आणि संध्याकाळपर्यंत तीच सरकी, सरकी म्हणून हाका मारू लागली.

चाकावरून आपलं भांडण झालं ते त्याच दिवशी. भांडण कसलं, तुमचा नेहमीचा वाद. सरकी धावत होती आणि तुम्ही म्हणालात, "हे चालते तं कुठं? पोचत तं नाई कुठंच."

मी शिक्षकाच्या आवाजात सांगितलं, की रानात हा प्राणी रोज कोसच्या कोस धावतो, ती धाव पिंजऱ्यात भागवायला चाक लागतं.

"मंग याले वावर पायजे. घमेलंभर माती दे आनून. उकरन, बीळ करन. उकरल्याशिवाय जनावराले घर आपलं वाटत नाई."

"हॉलमध्ये माती नको बाबा."

"माती नको म्हनते. कास्तकाराचा नातू हायस ना रे तू?"

तो वाद तसाच राहिला. आता सांगतो, तुमचं बरोबर होतं आणि माझंही थोडं बरोबर होतं. तिला चाकही लागतं आणि उकरायलाही लागतं. खोल बिछाना लागतो, ज्यात ती बोगदे करू शकेल. लपायला घर लागतं. दाणे वाटीत न देता पसरून टाकावे लागतात, म्हणजे ती शोधत हिंडते. हे सगळं मी नंतर वाचलं. अपराध झाल्यावर माणूस फार वाचतो.

पुढच्या खेपेला तुम्ही कापूस घेऊन आलात. दर्यापूरकडच्या तुमच्या जुन्या मित्राच्या वावरातला, पहिल्या वेच्याचा. सरकी न् सरकी बोटांनी काढून, पिंजून, धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधून. तुम्ही आयुष्यभर कापूस खरेदीच्या केंद्रावर ग्रेडर होता. माझ्या लहानपणी तुम्ही घरी यायचात तेव्हा भुवयांना रुई चिकटलेली असायची आणि आई ती वेचायची. तुमची बोटं निवृत्त झालीच नव्हती. तुम्ही चिमूटभर कापूस घेतला, दोन्ही हातांनी ओढला, पुन्हा जुळवला, पुन्हा ओढला, आणि उरलेले धागे मैत्रीच्या निळ्या दप्तरावर सरळ मांडून दाखवले.

"पाह्य बाई, धागा कसा लांब हाय. असा माल आता दिसत नाई. तुह्या सरकीले आमी एक नंबरचा देल्ला."

सरकीनं तो कापूस गालात भरभरून नेला आणि कोपऱ्यात गोल घर केलं. तुम्ही टाळी वाजवलीत. "एवढ्या वर्साच्या नोकरीत असं गिऱ्हाईक नाई भेटलं. भाव नाई करत, घासाघीस नाई, सिद्दा माल उचलते!"

त्या दिवशी तुम्ही जितके खूश होता तितके आई गेल्यानंतर मी तुम्हाला पाहिलं नव्हतं. हे मुद्दाम लिहितो, कारण ते मी तुमच्याकडून काढून घेतलं.

तुम्ही अकोल्याला परतल्यावर थोड्याच दिवसांत एका सकाळी सरकी कोपऱ्यात बसून होती आणि तिचा मागचा एक पाय ओढला जात होता. मैत्री शाळेत गेलेली होती. मी पिंजरा उघडला आणि सगळ्यात आधी चाक पाहिलं. दोन तारांच्या फटीत लव अडकली होती आणि तारेवर रक्ताचा बारीक डाग होता. मी ओल्या फडक्यानं तो पुसला. कोणी सांगितलं नव्हतं पुसायला. घरात कोणी नव्हतंही. हात आपोआप गेला.

जनावरांच्या डॉक्टरांकडे शेळ्या आणि वासरं घेऊन आलेल्या माणसांत मी खोक्यात सरकीला घेऊन बसलो. एक म्हातारे गृहस्थ खोक्यात डोकावून म्हणाले, "याचं दूध किती निंघते?" सगळे हसले. डॉक्टरांनी मात्र हसून सोडून दिलं नाही. पाय बघितला आणि विचारलं, "चाक तारेचं आहे का?" मी हो म्हणालो. "त्यात अडकून, पिरगळून मोडला आहे. ते आजच काढा, सपाट चाक आणा. हाड जुळेल, पाय थोडा वाकडा राहील." मग त्यांनी बिछाना काय घालता ते विचारलं. मी कापूस म्हणालो. "तोही काढा. त्यानं काही झालेलं नाही, पण होऊ शकतं. धागा बोटांना गुंडाळला जातो, गिळला तर पोटात अडकतो. साधा कोरा कागद फाडून घाला."

दोन गोष्टी सांगितल्या होत्या बाबा. मी घरी एकच आणली.

मैत्री शाळेतून आली, पिंजरा बघून रडायला लागली आणि म्हणाली, "चाकात अडकला ना? मी सांगितलं होतं तुम्हाला." मी म्हणालो, "नाही. कापसामुळं झालं. डॉक्टर म्हणे, धागा गुंडाळतो." आणि तिच्यासमोरच तुम्हाला फोन लावला, जणू साक्षीदार हवा होता मला.

"काय झालं सरकीले?" तुम्ही विचारलंत.

"पाय मोडला, बाबा. मागचा."

"कावून?"

"कापसानं. पायाला गुंडाळला जातो म्हणे."

म्हणे. आपल्या भाषेतला हा फार सोयीचा शब्द आहे. खोटं बोलणारा मी नाही, कोणीतरी असं म्हणतो, मी फक्त पोचवतो. त्या दोन अक्षरांच्या आड मी बसलो, माझा चांगला धडधाकट देह घेऊन.

तुम्ही म्हणालात, "धागा लांब होता ना. म्हनून. आखूड असता तं तुटला असता." तुम्ही तुमच्याच विद्येनं माझं खोटं पक्कं करून दिलंत. मग हळू म्हणालात, "मुकं जनावर. सकाय-संध्याकाय हात जोडून पयलं शील म्हनतो मी. कोन्या जिवाले इजा करनार नाई म्हनतो. आन् हे पाह्य."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मैत्री माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "जाऊ द्या बाबा, तुम्हाला काय माहीत." मी तुम्हाला माफसुद्धा केलं!

मला एक आठवतं. मी शाळेत असताना सुट्टीत तुमच्या केंद्रावर डबा घेऊन यायचो. एकदा एका शेतकऱ्यानं तुमच्याशी हुज्जत घातली, माझा माल खालच्या प्रतीत काहून टाकला म्हणून. तुम्ही पुन्हा चिमूट घेतली, पुन्हा धागा ओढला, उजेडात धरला, आणि सगळ्या आवारात ऐकू जाईल असं म्हणालात, "माहं चुकलं. याची प्रत बदला." ती दोन माणसांची गोष्ट होती, हळू सांगता आली असती. तुम्ही मोठ्यानं सांगितलीत. डबा हातात धरून उभा असलेला मी तेव्हा किती ताठ झालो होतो, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तेही राहिलं.

मग माझं खोटं पायांवर उभं राहिलं आणि आपल्या नात्यात फिरायला लागलं. वंदनाताईचे यजमान, तुमचे जावई आणि माझे भाटवे, त्यांना गोष्ट मिळाली की ते तिला कपडे चढवतात. अचलपूरच्या लग्नात पंगतीत त्यांनी ती सगळ्यांना ऐकवली. "आमच्या मामाजीनं अख्ख्या वऱ्हाडाचा कापूस पारखला, पन एका उंदरानं त्याइले नापास केलं! असी गादी भरून देल्ली, का बिचारं लंगडंच झालं!" लोक हसून हसून मागं कलंडले. आणि तुम्हीही हसलात. "हो ना बाप्पा, कापसाचा मानूस मी, उंदरालेबी नाई सोडलं," असं म्हणून भात कालवत राहिलात. मी तुमच्या शेजारच्या पानावर होतो. मीही हसलो.

नंतर तुम्ही अमरावतीला आलात तेव्हा पिंजऱ्यापाशी गेला नाहीत. सोफ्यावरूनच विचारलंत, "चालते का बरी?" मी जवळ बोलावलं तर म्हणालात, "राहू दे, मी दुरूनच पाह्यतो." नवं सपाट चाक आलं होतं, ताटाएवढं. सरकी वाकड्या पायानं त्यावर धावत होती. तुम्ही म्हणालात, "हे चाक चांगलं देसते." मी म्हणालो, "हो, जुनं लहान होतं." लहान होतं म्हणालो. तारेचं होतं म्हणालो नाही.

फोनवर मात्र तुम्ही तिच्याबद्दल विचारत राहिलात. आता बिछान्याले काय टाकता? कागद. छापील? नाही, कोरा. केवढा? बोटभर, जास्त लांब नाही. "आखूड पायजे म्हनजे," तुम्ही म्हणालात. मला वाटलं म्हातारपणाची चौकशी आहे.

उन्हाळ्यात तुम्ही गेलात, आणि तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी अकोल्याचं घर भरलं होतं. कूलर आवाज करत होता आणि कोणाचं बोलणं कोणाला धड ऐकू येत नव्हतं. भंतेजींच्या मागोमाग सगळे शील म्हणत होते. पहिल्या शीलाला मला तुमचा फोनवरचा आवाज ऐकू आला. चौथ्या शीलाला, खोटं बोलणार नाही असं जिथं म्हणायचं असतं, तिथं माझा आवाज निघाला नाही. ओठ हलले. लोकांना वाटलं, मुलाला गहिवरून आलं. कोणीतरी पाठीवर हात ठेवला. तो हात मला अजून जाणवतो आणि किळस येते, त्या हाताची नाही.

जेवणानंतर आठवणी निघाल्या आणि भाटव्यांनी डोळे पुसत पुन्हा तीच गोष्ट सांगितली. उंदरानं नापास केलं. लोक रडता रडता हसले. तुमच्या फोटोसमोर, बाबा. मी खुर्च्या उचलायला बाहेर गेलो.

तिसऱ्या प्रहरी वंदनाताईनं तुमच्या खाटेखालून दोन पिशव्या काढल्या. "हे काय करायचं रे? बाबाचं आहे." एकीत कागदाच्या लांब पट्ट्या होत्या, कशाही कोंबलेल्या. दुसरीत आखूड, बोटभर, हातानं फाडलेल्या, सगळ्या एकसारख्या. वर्तमानपत्रांचे पांढरे काठ होते ते, शाई न लागलेले. "हिवाळ्यापासून चालू होतं त्याइचं," ताई म्हणाली. "पेपर वाचून झाला का काठ फाडत बसायचे. लांब निंघाला तं बाजूले टाकायचे. मी म्हटलं, अमरावतीले पाठवून द्या ना. तं म्हने, नको. याच्यातबी काई निंघालं तं?"

याच्यातबी काई निंघालं तं.

ज्या माणसानं आयुष्यभर लांब धाग्याला वरची प्रत दिली, त्यानं सकाळमागून सकाळ आखूड तेवढं निवडलं आणि तेही पाठवायची हिंमत केली नाही. मी ती पिशवी मांडीवर घेऊन बसलो. ताईला वाटलं मी तुमच्यासाठी रडतो आहे. तुमच्यासाठी रडायचा मला अजून हक्क आलेला नाही.

अमरावतीला परत आल्यावर मी आधी भाटव्यांना फोन केला. सगळं सांगितलं. चाक, तार, पुसलेला डाग. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, लय थकले तुमी. उंदराचा पाय तो. मामाजी कवाच इसरले असतीन." मी म्हणालो, नाही विसरले, पिशव्या सापडल्या. ते म्हणाले, "जाऊ द्या ना आता. मी ते गोष्ट सांगनं बंद करतो, झालं?" इतकं सोपं होतं म्हणजे. कबुली घ्यायलाही कोणी तयार नाही. ज्यानं ती घेतली असती तोच गेला.

मग मैत्रीला सांगितलं. ती पिंजऱ्यापाशी बसून सरकीसाठी पुठ्ठ्याच्या नळीत दाणे लपवत होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि पहिलं वाक्य तेच बोललो, जे या कागदावरचं पहिलं वाक्य आहे. मला वाटलं ती चिडेल, म्हणेल मी सांगितलं होतं. त्याची मी तयारी केली होती. ती नळी हातात धरून बसली.

"पप्पा, मी आबाजींना म्हटलं होतं."

"काय म्हटलं होतं?"

"ते आले होते ना, तेव्हा. ते पिंजऱ्याकडे येत होते. तुम्ही आंघोळीला होता. मी म्हटलं, आबाजी, तुम्ही हात नका लावू. तुमच्यामुळं तिचा पाय मोडला."

"मग?"

"ते म्हणाले, बरं बाई. आणि सोफ्यावर जाऊन बसले."

मग ती रडायला लागली. मी जवळ घ्यायला गेलो तर तिनं माझा हात बाजूला केला. तुम्ही सोफ्यावर का बसलात ते मला इतक्या महिन्यांनी कळलं. तुम्ही मला सांगितलं नाहीत, तिचं नाव घेतलं नाहीत, दुरूनच पाह्यतो म्हणालात. तुमच्या नातीनं तुम्हाला हटकलं ते माझ्या तोंडच्या शब्दांनी. आणि आता ते तिला आयुष्यभर आठवणार आहे, दहा वर्षांच्या मुलीला. मी एक डाग पुसला होता बाबा. तो कुठं कुठं लागला बघा.

ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. संगीता म्हणते, वेळ लागेल. लागू दे.

काल मात्र तिनं स्वतःहून विचारलं, "आबाजींची पिशवी कुठं आहे?" मी आणून दिली. तिनं तुमच्यासारखीच एक पट्टी घेतली, दोन्ही हातांनी ताणली, ती तुटली. दुसरी घेतली, तीही तुटली. मग तिनं ओंजळ भरली आणि पिंजऱ्यात सोडली. त्याच्यावर अजून एक, अजून एक, कोपऱ्यात ढीग होईपर्यंत. माझ्याकडे न बघता तिनं पिशवी माझ्या हातात दिली. तिचं टाकून झालं होतं, उरलेलं मी टाकायचं होतं. मी टाकलं.

सरकी नळीतून बाहेर आली. वास घेतला. वाकडा पाय ओढत ढिगापाशी गेली आणि पट्ट्या गालात भरू लागली, घासाघीस नाही, सिद्दा माल. मग त्या ढिगात तोंड खुपसून उकरायला लागली, आत शिरली, दिसेनाशी झाली. आम्ही दोघं वाट पाहत बसलो. कागद वर-खाली होत होता. बऱ्याच वेळानं दुसऱ्या टोकाला तिचं नाक बाहेर आलं.

काई नाई निंघालं, बाबा. याच्यात काईच नाई निंघालं.